ड्रॉप हँडलच्या सायकलवर गिअरचा लिव्हर कुठे बसवायचा?

शिफ्टर, म्हणजे गिअर बदलायचा लिव्हर, विकत घेण्याआधी एक सकाळ फुकटात खर्च करा. सायकलला आत्ता गिअर असोत-नसोत, हँडल फक्त ड्रॉपचं, म्हणजे टोकं खाली वाकलेलं, हवं. सोलापुरातल्या सात रस्त्यावरून निघा, तुळजापूर रोड पकडा आणि तामलवाडीपर्यंत जाऊन या. वाटेत दर दहा मिनिटांनी स्वतःच्या हातांकडे बघा. ते ब्रेकच्या रबरी मुठींवर आहेत, वरच्या सरळ दांडीवर आहेत, की खालच्या वाकलेल्या भागात? घरी आलात की कागदावर लिहून ठेवा. दुकानदार काय म्हणतो, मित्राच्या सायकलला काय आहे, यापेक्षा हा कागद जास्त कामाचा.

बरेच जण जास्तीत जास्त वेळ हूडवर, म्हणजे त्या रबरी मुठींवर असतात. चढाला किंवा गप्पा मारताना हात वर जातात, आणि वारा समोरून आला की खाली. पण प्रत्येकाचं तसं नसतं. माझा एक मित्र पाठीमुळे हात खाली नेतच नाही. त्याच्या हँडलच्या टोकाला शिफ्टर बसवणं म्हणजे बुटक्या माणसाच्या घरात मिठाची बरणी वरच्या फळीवर ठेवणं. माझं उलटं. जूनमध्ये मंगळवेढ्याकडे निघालो की अर्धा रस्ता मी खालीच वाकलेला असतो, कारण त्या मोकळ्या रानात पश्चिमेचा वारा अडवायला आडोसा म्हणून काही नाही.

आधी सायकल नीट बघून घ्या

मागच्या चाकाच्या दातेरी चकत्या मोजा: ७, ८, ९, १० की ११. मागच्या डिरेलरवरचं, म्हणजे साखळी एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या यंत्रावरचं, नाव आणि मॉडेल नंबर टिपा. मग फ्रेमच्या खालच्या तिरक्या नळीला, म्हणजे डाउन ट्यूबला, दोन्ही बाजूंनी हात लावा. जुन्या स्टीलच्या फ्रेमवर तिथे शिफ्टर बसवायला दोन छोटे खुंट झाळलेले असतात. नसतील तर पट्ट्याने आवळायचा क्लॅम्प मिळतो, पण नळीची जाडी मोजून घ्या. जुन्या स्टीलच्या नळ्या सहसा २८.६ मिलिमीटरच्या असतात.

आता हँडलची जाडी. नवखा माणूस हमखास इथेच फसतो, म्हणून जरा थांबून सांगतो. माउंटन बाइकच्या सरळ हँडलची जाडी मुठीपाशी २२.२ मिलिमीटर असते, ड्रॉप हँडलची २३.८. फरक दीड मिलिमीटरचा, पण पेठेतल्या दुकानात सहज मिळणारा अंगठ्याचा किंवा ट्रिगरचा शिफ्टर त्यामुळे ड्रॉप हँडलवर चढत नाही. कुणी कानशीने घासून किंवा स्क्रू ओढून बसवून देतो म्हणाला तर नमस्कार करून निघा. ताणलेला क्लॅम्प भर उतारावर तडकतो. मधल्या जाड भागाची मापं वेगळी, २५.४, २६.० किंवा ३१.८, त्यामुळे तिथेही तो बसत नाही.

ब्रेक कोणता आहे तेही बघा. ते का, हे पुढे येईल.

ब्रेक आणि गिअर एकाच मुठीत

आज नवी ड्रॉप हँडलची सायकल घेतली तर तिच्यावर बहुधा हेच असतं. ब्रेकच्या लिव्हरनेच किंवा त्याला लागून असलेल्या छोट्या लिव्हरने गिअर बदलतो. शिमानो कंपनीने हे १९९० मध्ये एसटीआय या नावाने आणलं, कॅम्पॅग्नोलोचं एर्गोपॉवर १९९२ मध्ये आलं आणि स्रॅमचं डबलटॅप २००६ मध्ये. हूडवरून हात न हलवता ब्रेकही लागतो आणि गिअरही पडतो. विजापूर रोडच्या गर्दीत समोर रिक्षा आडवी आली तेव्हा याची किंमत कळते. शिमानोचं क्लॅरिस ८ चकत्यांचं आणि सोरा ९ चकत्यांचं. लांबच्या प्रवासाला या दोन्ही पातळ्या पुरून उरतात, त्याहून महाग घेण्याची गरज नाही.

अडचण आहे ती पोटात. या मुठीत स्प्रिंगा, दाते आणि खटके घड्याळासारखे दाटीवाटीने बसवलेले असतात. हँडलच्या टेपखालून केबल नेणाऱ्या मुठीत ती तोंडाशीच काटकोनात वळते आणि त्या वळणावर तिचे धागे एकेक करून तुटत जातात. माझी केबल नळदुर्ग गाठायच्या थोडी आधी तुटली. वरचं डोकं आणि चार-पाच धागे आतच अडकले. नळदुर्गातल्या पंक्चरवाल्या मामांनी मूठ उलटी-सुलटी करून पाहिली आणि म्हणाले, "मालक, ह्ये घड्याळवाल्याकडं न्या. मी हात लावला तर हाय ते बी जाईल." खरंच होतं ते.

त्या दिवशी घरी आलो ते डिरेलरच्या स्क्रूवर. हे शिकून ठेवा, कोणत्याही शिफ्टरला उपयोगी पडतं. मागची केबल तुटली की साखळी सगळ्यात लहान चकतीवर जाऊन बसते, म्हणजे सगळ्यात जड गिअर. मागच्या डिरेलरवर दोन स्क्रू असतात. त्यातला एच लिहिलेला घड्याळाच्या दिशेने फिरवत गेलात की डिरेलर आत सरकतो आणि साखळी एक-दोन चकत्या वर येऊन थांबते. पुढे पेडलपाशी लहान चेनरिंग, म्हणजे दातेरी चाक, लावायची. एकाच गिअरवर रखडत का होईना, घर येतं.

म्हणून मुठीतलं शिफ्टिंग घ्यायचं असेल तर खुशाल घ्या, पण मागची गिअर केबल तुटायची वाट बघू नका. मोठ्या सफरीआधी नवी घाला. अधूनमधून सगळ्यात लहान चकतीवर आणून, लिव्हर दाबून, टॉर्च मारून केबलचं डोकं बघा. गिअर अचानक आळसावला, खटका नेहमीसारखा पडेना, तर बॅरल, म्हणजे केबलचा ताण कमी-जास्त करायचा स्क्रू, फिरवत बसण्याआधी तिथेच बघा.

आता ब्रेकचं. ही मूठ केबल थोडी ओढते, आणि माउंटन बाइकवरच्या लांब हातांच्या व्ही-ब्रेकला जास्त ओढ लागते. जुनी माउंटन बाइक ड्रॉप हँडल लावून लांबच्या प्रवासाला काढायची हौस आपल्याकडे बऱ्याच जणांना आहे. त्यांनी व्ही-ब्रेक तसाच ठेवून वर ही मूठ लावली तर लिव्हर हँडलला टेकतो, सायकल थांबत नाही. मग मधे केबलची ओढ वाढवणारी जोडणी लावा, नाहीतर मिनी व्ही-ब्रेक घ्या. केबलच्या डिस्क ब्रेकमध्येही रोडचा वेगळा आणि माउंटनचा वेगळा असतो, खरेदी करताना विचारून घ्या.

हँडलच्या टोकाला: बार-एंड

हँडलच्या दोन्ही टोकांतली बुचं काढून तिथे लांबट लिव्हर बसवतात. शेपटीसारखे दिसतात. नवख्या लांब पल्ल्याच्या सायकलस्वाराला मी हेच सुचवतो, आणि दरवेळी वाद होतो, तर कारणं सांगतो.

पहिलं, आत बिघडण्यासारखं फारसं काही नाही. दुसरं, ब्रेकचा लिव्हर तुम्हाला हवा तो लावता येतो. व्ही-ब्रेक असेल तर त्याच्यासाठी जास्त ओढ देणारा ड्रॉप लिव्हर, उदाहरणार्थ टेक्ट्रोचा आरएल५२०, सरळ बसतो. तिसरं, पुढच्या चेनरिंगचा डावा लिव्हर फ्रिक्शनवर चालतो, म्हणजे खटके नाहीत, हवा तेवढा ओढा. त्यामुळे पुढचा डिरेलर रोडचा असो की माउंटनचा, त्याला फरक पडत नाही. मुठीतल्या शिफ्टरला पडतो. आणि चौथं, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं: बऱ्याच बार-एंडमध्ये उजवा लिव्हरही एक छोटी कडी फिरवून फ्रिक्शनवर टाकता येतो. शिमानोच्या ८ आणि ९ चकत्यांच्या बार-एंडमध्ये ही सोय आहे, मायक्रोशिफ्टच्याही येते. शिमानोच्या ११ चकत्यांच्या बार-एंडमध्ये मागच्या बाजूला ती नाही.

तोटे आहेतच. हूडवरून गिअर बदलायला हात खाली न्यावा लागतो, त्यामुळे शहरात गिअर बदलायचा कंटाळा येतो आणि सिग्नलवरून जड गिअरमध्येच कण्हत निघता. उभं राहून चढताना हँडल जास्त वळलं की गुडघा लिव्हरला लागतो. भिंतीला टेकवलेली सायकल घसरली तर पहिला मार लिव्हरला. एसटीच्या टपावर सायकल टाकायची असेल तर लिव्हरना आधी जुनं फडकं गुंडाळा, आणि वर चढवणाऱ्या भाऊंना धरायची जागा स्वतः दाखवा, नाहीतर ते पहिलं तेच धरतात.

डाउन ट्यूबवर

सगळ्यात जुनी, सगळ्यात हलकी, सगळ्यात स्वस्त जागा. केबल आखूड, वळणं जवळपास नाहीत, त्यामुळे गिअर लोण्यासारखा पडतो. शिमानोने खटक्यांचं इंडेक्स शिफ्टिंग १९८४ मध्ये ड्युरा-एसमध्ये आणलं ते याच जागेवर. फ्रेमला खुंट असतील आणि खिसा हलका असेल तर बेलाशक घ्या. पण एक हात हँडलवरून काढून खाली वाकावं लागतं. पुढच्या चाकाला सामानाच्या पिशव्या लटकवल्या असतील तर नेमकं त्याच क्षणी हँडल डुगडुगतं. आधी रिकाम्या मैदानावर, मग सामान भरून, मगच हायवेवर. मे महिन्यात उन्हात लावलेल्या सायकलचे हे लिव्हर हाताला चटका देतात, तेही लक्षात असू द्या.

बाकीच्या जागा, थोडक्यात

स्टेमवरचे, म्हणजे हँडल फ्रेमला जोडणाऱ्या दांड्यावरचे, लिव्हर १९७० च्या दशकातल्या सायकलींवर सर्रास असत. हात वर असणाऱ्याला सोयीचे, पण अपघातात शरीर पुढे फेकलं गेलं तर ते छाती-पोटाशी येतात. जुनी सायकल तशीच मिळाली तर चालवा, मुद्दाम शोधू नका.

ज्याचा हात खाली जातच नाही, माझ्या त्या मित्रासारखा, त्याच्यासाठी पॉल कंपनीच्या थंबीसारखे क्लॅम्प असतात. बार-एंडचाच लिव्हर त्यावर चढवून हँडलच्या मधल्या जाड भागाला, स्टेमच्या शेजारी बसवायचा. क्लॅम्प त्या जाडीचाच मागवा. मित्राने हेच केलं आणि आता तो आम्हा सगळ्यांना बार-एंड काढायला सांगत फिरतो. पुढे हँडल-बॅग लावत असाल तर लिव्हरची हालचाल बॅगेला अडत नाही ना, ते आधी धरून बघा.

ब्रेकच्या मुठीच्या पुढच्या अंगाला उघडा लिव्हर बसवणारी गेव्हेनॅलची जोडणीही आहे, आधी तिचं नाव रेट्रोशिफ्ट होतं. हूडवरून हाताशी येते आणि आतलं यंत्र साधं राहतं. मागवायला वेळ आणि पैसा दोन्ही लागतो, एवढंच.

जोडी जुळते का?

लिव्हर आवडला म्हणून घेतला आणि मागे खटके जुळेनात, हे सारखं घडतं. कारण एका खटक्यात लिव्हर किती केबल ओढतो आणि तेवढ्या ओढीत डिरेलर किती सरकतो, हे प्रत्येक घराण्याचं वेगळं. शिमानो आणि स्रॅम यांचं गणित निराळं, मिसळू नका.

शिमानोच्या घरातल्या घरात: ९ चकत्यांचा रोडचा शिफ्टर ९ चकत्यांच्या माउंटन डिरेलरबरोबर सुरेख चालतो. सामान लादून घाट चढणाऱ्याला हा योग म्हणजे देणगीच, कारण माउंटनचा डिरेलर ३४ दात्यांची मोठी चकती आरामात सांभाळतो. १० चकत्यांवर हा मेळ तुटतो, तिथे रोड आणि माउंटन जुळत नाहीत. त्यातही टियाग्रा ४७०० हे १० चकत्यांचं असूनही त्याची केबलची ओढ आधीच्या १० चकत्यांच्या रोड गिअरपेक्षा वेगळी आहे. जुना बार-एंड त्याला लावाल तर पस्तावाल. नव्याने जुळवणी करणाऱ्याने ९ वर थांबावं, असं माझं मत. फ्रिक्शनला मात्र यातलं काहीच लागू नाही. कानाने ऐकायचं, साखळी खरखरली तर लिव्हर केसभर हलवायचा. आठवडाभरात हात बसतो.

बार-एंड बसवायचे कसे

हत्यारं: अ‍ॅलन कीचा संच, केबल कापायची चांगली कात्री, बारीक कानस, दाभण, इन्सुलेशन टेप. साध्या पकडीने केबल कापू नका, टोक झाडूसारखं पिसारतं.

जुनी टेप आणि टोकाची बुचं काढा. बार-एंडमुळे हँडल मागे लांबतं, म्हणून गुडघा लागेल असं वाटलं तर टोकं दीड-दोन सेंटिमीटर कापता येतात. अ‍ॅल्युमिनियमचं असेल तरच, कार्बनला करवत लावू नका.

लिव्हर त्याच्या खोबणीतून सुटा करा. राहिलेला पोकळ तुकडा हँडलच्या टोकात सरकवा, केबलचं भोक खालच्या बाजूला ठेवा. आतला बोल्ट अ‍ॅलन कीने आवळा. इथे गंमत अशी की शिमानोच्या बार-एंडचे आटे उलटे आहेत, आवळायचं घड्याळाच्या उलट दिशेने. आम्ही पहिल्यांदा बसवले तेव्हा दोघे जण अर्धा तास जोर लावून बोल्ट सैल करत होतो आणि माल खराब आला म्हणून कुरकुरत होतो. तुकडा हाताने पिळून हलत नाही अशी खात्री झाली की लिव्हर परत जागेवर लावा. उजवा मागच्या गिअरचा, डावा पुढचा. ब्रेक मात्र आपल्याकडे पुष्कळ जण मोटरसायकलच्या सवयीने पुढचा उजव्या हाताला ठेवतात, तो तसाच राहू द्या. त्याचा गिअरशी संबंध नाही.

आता आउटर, म्हणजे केबलवरचं बाहेरचं आवरण. गिअरचं आउटर वेगळं, ब्रेकचं वेगळं. गिअरच्या आउटरच्या आत तारा लांबीत सरळ असतात, ब्रेकच्यात स्प्रिंगसारख्या गुंडाळलेल्या. ब्रेकचं आउटर गिअरला लावलं तर ते दबतं आणि इंडेक्सचे खटके चुकतात. उलट केलंत तर ते धोक्याचं: जोरात ब्रेक दाबला की गिअरचं आउटर फुटू शकतं. आतली केबलही वेगळी, गिअरची साधारण १.२ मिलिमीटर, ब्रेकची दीडच्या पुढे.

आउटर टोकापासून हँडलच्या वाकणाला धरून न्यायचं. वाकण संपतं तिथे टेपमधून बाहेर काढून मोठा कमान देत फ्रेमवर आणता येतं, किंवा ब्रेकच्या आउटरसोबत टेपखालून थेट स्टेमपर्यंत. पहिल्यात केबल मोकळी चालते, दुसरं दिसायला नीटस. धुळीच्या गावात मी पहिलं घेतो. कापण्याआधी हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा. आखूड आउटर म्हणजे वळताना आपोआप बदलणारा गिअर. कापल्यावर टोक कानशीने सपाट करा, दाभणाने आतली नळी उघडा, टोपी घाला. डाउन ट्यूबच्या खुंटांवर शिफ्टरऐवजी केबल अडवायचे स्टॉप लावायचे असतात, ते बॅरलवालेच घ्या.

लिव्हर पूर्ण सैल करा, म्हणजे वरच्या टोकाला. बार-एंड खाली दाबला की केबल ओढली जाते: उजवा खाली म्हणजे हलका गिअर, डावा खाली म्हणजे मोठी चेनरिंग. साखळी सगळ्यात लहान चकतीवर, बॅरल पूर्ण आत आणि मग दोन फेरे बाहेर. केबल हाताने ताणून डिरेलरचा बोल्ट आवळा. एक खटका दाबा. साखळी चढायला कुरकुरली तर बॅरल घड्याळाच्या उलट दिशेने अर्धा-अर्धा फेरा. एका खटक्यात दोन चकत्या ओलांडल्या तर उलट.

टेप शेवटी

टेप इतक्यात गुंडाळू नका. आउटर इन्सुलेशन टेपने जागोजागी बांधून ठेवा आणि तसंच फिरा. नवी केबल आणि आउटरच्या टोप्या पहिल्या काही दिवसांत दबून बसतात, ताण कमी होतो, बॅरल पुन्हा फिरवावा लागतो. सिद्धेश्वर तलावाभोवती दोन-चार फेऱ्या, मग हिप्परग्याच्या तलावापर्यंत, आणि मग भरल्या पिशव्यांनिशी तुळजापूर. गावाच्या अलीकडचा घाट हीच खरी परीक्षा. चढात जोर लावलेला असताना हलका गिअर पडतो का, उभं राहिल्यावर गुडघा लागतो का, हात सहज तिथे जातो का. नाही जात, तर लिव्हर काढून दुसरीकडे लावा. टेप नसल्यामुळे तासाभराचं काम आहे.

सोबत एक गिअर केबल कायम ठेवा. साध्या माउंटन बाइकची, छोट्या गोल डोक्याची केबल शिमानोच्या बार-एंडलाही चालते, डाउन ट्यूबलाही आणि मुठीतल्या शिफ्टरलाही. ती अक्कलकोटलाही मिळेल, बार्शीलाही. पावसाळ्यात काळ्या मातीच्या रस्त्यावरून आलात तर आउटरची टोकं पुसून घ्या आणि केबल उघडी आहे तिथे बोटभर तेल फिरवा. जास्त नाही, तेलाला धूळ चिकटते.

आठवडाभर सगळं जागेवर राहिलं की टेप घ्या. बार-एंडच्या कडेपासून सुरुवात, वर स्टेमकडे, प्रत्येक वेढा आधीच्यावर थोडा चढवत. खालच्या वाकणावर जरा ओढून, नाहीतर घामाने सुटते. स्टेमपाशी कापून इन्सुलेशन टेपचे तीन वेढे.